जुन्या कॉमिक्सची किंमत : पुस्तकातली आणि हातातली



इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद; तुम्ही कुठेही असा, तुमच्या माळ्यावर एखादी जुनी ट्रंक असेलच. त्यात इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ असेल, अमर चित्र कथा असतील, आणि कुणी नातेवाईक परदेशात असेल तर थोडी अमेरिकन कॉमिक्सही असतील. मला नेहमी विचारला जाणारा प्रश्न एकच : किंमतपुस्तिकेत लिहिलेला आकडा खरा मानायचा का?

आधी ही पुस्तिका काय असते ते पाहू. अमेरिकेत रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी 1970 साली पहिली मोठी किंमतपुस्तिका काढली. ती आजही दरवर्षी निघते. प्रत्येक अंकापुढे दर्जाप्रमाणे किमतीचे रकाने असतात. दर्जाची मोजपट्टी दहापर्यंत जाते. दोन म्हणजे वापरून जीर्ण झालेला, सहा म्हणजे बऱ्यापैकी नीट ठेवलेला, आणि शेवटच्या रकान्यातला 9.2 म्हणजे जवळजवळ नवा कोरा.

लष्करात नकाशा हातात आला की आम्ही आधी कोपऱ्यातले सर्वेक्षणाचे साल पाहतो. नकाशा खोटा नसतो, पण तो त्या सालचा असतो. मधल्या काळात नदीने पात्र बदलले असेल, तर पाय भिजतात ते आपले. किंमतपुस्तिकेचेही तसेच आहे. व्यापारी आणि संग्राहक यांच्याकडून वर्षभराचे व्यवहार गोळा होतात, मग छपाई होते. बाजार तोवर पुढे गेलेला असतो.

एक उदाहरण देतो. सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा आला, तो 1938 चा ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक. तेव्हा किंमत दहा सेंट. 9.0 दर्जाची एक प्रत 2011 साली सुमारे 21.6 लाख डॉलरला गेली. त्याच दर्जाची दुसरी प्रत 2014 साली 32 लाख डॉलरला. आणि 2024 साली त्याहून कमी, म्हणजे 8.5 दर्जाच्या प्रतीला 60 लाख डॉलर मिळाले. इतक्या दुर्मीळ वस्तूची किंमत त्या दिवशी लिलावात हात वर करणारे दोघे ठरवतात.

दुसरे टोक पाहा. 1991 साली ‘एक्स-मेन’च्या नव्या मालिकेचा पहिला अंक ऐंशी लाखांहून जास्त छापला गेला. लोकांनी ‘पुढे सोने होईल’ म्हणून गठ्ठेच्या गठ्ठे घेतले. पण सगळ्यांनीच जपून ठेवलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार? अशा अंकांपुढे छापलेला छोटा आकडा हा मुख्यतः दुकानदाराच्या हाताळणीचा खर्च असतो. शंभर अंक घेऊन गेलात, तर त्या आकड्याच्या शंभरपट पैसे कुणी देत नाही.

आता घरातली गोष्ट. माझ्या एका दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नीचा फोन आला. नातीची कॉलेजची फी भरायची होती, म्हणून साहेबांचा संग्रह विकायला काढला होता. मुलाने पुस्तिकेवरून बेरीज केली : नऊ लाख. दुकानदाराने सत्तर हजार सांगितले. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, हा सरळ सरळ लुटतोय.”

मी यादी आणि ट्रंक दोन्ही समोर घेऊन बसलो. मुलाने प्रत्येक अंकाला शेवटचा रकाना लावला होता. प्रत्यक्षात पिना गंजलेल्या, कसरीने कडा खाल्लेल्या, दोन-चार ठिकाणी चिकटपट्टी. आपल्या दमट हवेत कागदाचे हे होतेच. दर्जा चार ते सहाच्या मधला. योग्य रकाना लावल्यावर बेरीज आली दीड लाखाच्या आसपास. शिवाय पुस्तिकेतला भाव हा गिऱ्हाईक दुकानात मोजतो तो. दुकानदाराला भाडे, थांबलेला पैसा आणि नफा त्यातूनच काढायचा असतो. म्हणजे सत्तर हजार ही लूट नव्हती. मग आम्ही मागणी असलेले अकरा अंक वेगळे काढून एकेकटे विकले आणि उरलेले त्याच दुकानदाराला दिले. एकूण एक लाख दहा हजार झाले. फी भरली गेली. त्याहून मोठे म्हणजे मुलाच्या मनातला संशय गेला. मधल्या काळात आईने काही अंक गुपचूप विकले असावेत, असेही त्याला वाटू लागले होते.

आपल्या इंद्रजालसाठी तर इतकी प्रस्थापित पुस्तिकाही नाही. 1964 ते 1990 या काळात ती निघाली, मराठीतही निघाली. त्यातल्या कितीतरी प्रती वाचनालयांनी बाइंडिंग करून, कडा कापून, शिक्के मारून ठेवल्या. इंटरनेटवर कुणी एका अंकाचे पंचवीस हजार मागतो आणि ते पाहून आपण हरखतो. पण ती मागितलेली किंमत. मिळालेली किंमत शोधा.

मग पुस्तिका टाकून द्यायची का? मुळीच नाही. कोणता अंक महत्त्वाचा, कोणता किरकोळ, कोणत्या अंकात कोणते पात्र प्रथम आले आणि दर्जा कसा ओळखावा, हे ती उत्तम सांगते. अंकांचा एकमेकांतला क्रम बहुधा बरोबर असतो. रुपयांचा आकडा मात्र तपासूनच घ्यावा.

तपासायचे कसे? एक, मूळ छपाई आहे की पुनर्मुद्रण ते पाहा. अमर चित्र कथेत हे फार महत्त्वाचे. दोन, पाने मोजा; मधले एक पान गेले तरी किंमत कोसळते. तीन, दर्जा आपल्या मायेने ठरवू नका, परक्या माणसाला ठरवू द्या. महाग अंक असेल तर सीलबंद करून दर्जा देणाऱ्या संस्था आहेत, पण त्यांची फी अंकाच्या किमतीपेक्षा जास्त होत नाही ना, तेही पाहा. चार, त्याच दर्जाच्या अंकाचे अलीकडे प्रत्यक्ष झालेले निदान तीन व्यवहार शोधा. पाच, दुकानदाराला विकणार असाल तर त्यातून निम्मे मिळाले तरी व्यवहार वाईट नाही असे धरा.

आणि ही यादी आजच करून ठेवा, दर्जासकट, तारखेसकट. आपल्यामागे ट्रंक उघडणाऱ्यांच्या हाती नुसता आकडा नको, तो कसा काढला तेही असू द्या.