उंदराची साक्ष

(विज्ञान दिनानिमित्त अमळनेर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



मी कला शाखेचा पदवीधर, व्यवसायाने पत्रकार. तरीही आज प्रयोगशाळेतील उंदरावर बोलण्याचे धाडस करतो आहे, त्याला घरगुती कारण आहे.

माझ्या लहानपणी थोरल्या बहिणीला विषमज्वर झाला. आपल्याकडे त्याला मुदतीचा ताप म्हणत. आजी पेजेची वाटी घेऊन उशाशी बसे आणि दिवस मोजी. दूषित पाण्यातून हा आजार येतो, हे घरात ठाऊक होते. पण पोटात शिरलेल्या जंतूशी शरीर कसे झुंजते, हे कुणाला सांगता येत नव्हते.

जिवंत माणसाच्या आतड्यात ही झुंज पाहणे कठीण, म्हणून संशोधक प्राण्यांकडे वळले. परळच्या संस्थेला १९२५ साली ज्यांचे नाव देण्यात आले, त्या हाफकिन यांनी पॅरिसमध्ये पटकीचे जंतू गिनीपिगच्या शरीरातून पुनःपुन्हा नेऊन त्यांची तीव्रता वाढवली आणि त्यांपासून लस तयार केली. १८ जुलै १८९२ रोजी ती त्यांनी स्वतःलाच टोचून घेतली. प्राण्यात दिसले ते माणसातही पडताळावे लागते, हा त्यातला धडा.

विषमज्वराच्या बाबतीत अडचण निराळीच होती. त्याचा जंतू निसर्गतः फक्त माणसालाच आजारी पाडतो. मात्र त्याचाच एक भाऊबंद, साल्मोनेला टायफीम्युरियम, उंदराला विषमज्वरासारखा आजार देतो. तो आतड्याची भिंत ओलांडून यकृत व प्लीहेपर्यंत पोहोचतो. शरीरातील भक्षक पेशी त्याला गिळतात, पण तो त्यांच्याच पोटात तग धरतो. चोराने पोलीस चौकीतच आसरा घ्यावा, तसा! पुढे टी-पेशी रासायनिक संदेश पाठवून या भक्षक पेशींना चेतवतात, तेव्हा पारडे फिरते. ही सारी लढाई उंदरामुळे टप्प्याटप्प्याने पाहता आली.

१९५४ साली अमेरिकेत झालेला एक प्रयोग तर प्रत्येक घराने लक्षात ठेवावा असा आहे. निरोगी उंदराला तोंडावाटे साल्मोनेलाची बाधा होण्यास सुमारे लाखभर जंतू लागत. त्याला आधी स्ट्रेप्टोमायसिन दिले, तर मोजकेच जंतू पुरत. औषधाने आतड्यातील रहिवासी जंतूंची वस्ती उठली होती आणि तीच तर वेशीवरची राखण होती.

हे वाचले आणि मी ओशाळलो. पोट बिघडले म्हणून घरातल्या मुलाला मी एकदा कपाटात उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या, डॉक्टरांना न विचारता, दिल्या होत्या. आपल्यापैकी किती जणांनी हेच केले असेल? आवश्यक तेथे ही औषधे प्राण वाचवतात, पण ती कधी आणि किती दिवस घ्यायची, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

लसीची कथाही अशीच उद्बोधक आहे. विषमज्वराच्या जंतूवर शर्करेचे एक कवच असते. नुसत्या कवचाची लस तान्ह्या मुलांत प्रभावी ठरत नसे. ते कवच प्रथिनाला जोडले की शरीर अधिक जोमाने प्रतिसाद देते, हे आधी उंदरांत आणि माकडांत दिसले, मग माणसांत पडताळले गेले. अशीच एक जोडलस हैदराबादेतील भारतीय कंपनीने तयार केली. २०१८ साली नवी मुंबई महानगरपालिकेने ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी तिची सार्वजनिक मोहीम सुरू केली.

मग त्या मुक्या जिवाचे काय? १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभारणाऱ्या या गावात हा प्रश्न टाळून चालणार नाही. प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारा कायदा आपल्याकडे १९६० पासून आहे आणि अशा प्रयोगांना नीतिसमितीची परवानगी लागते. पर्याय असेल तर प्राणी वापरू नये, वापरलाच तर कमीत कमी वापरावा आणि त्याच्या वेदना कमी कराव्यात, ही त्रिसूत्री रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली मांडली. तिचे पालन ही कृपा नव्हे, ते ऋण आहे.

‘उंदराला मांजर साक्ष’ ही म्हण आपण हसून सांगतो. इथे मात्र उंदीर स्वतःच साक्षीला उभा आहे आणि त्या साक्षीची किंमत त्याने प्राणाने मोजली आहे. ती वाया जाऊ नये असे वाटत असेल, तर आज घरी गेल्यावर तीन गोष्टी पाहा : पिण्याचे पाणी शुद्ध आहे ना, जेवणापूर्वी हात धुतले जातात ना, आणि औषधांच्या कपाटात उरलेल्या गोळ्या तर नाहीत ना.