भाड्यांत काय काय येतें?

शहरांत घर शोधावयास निघालेल्या गृहस्थाचा पहिला प्रश्न असतो, 'भाडें किती?' प्रश्न रास्त आहे. परंतु तो अर्धाच आहे. 'त्या भाड्यांत काय काय येतें?' हा उरलेला अर्धा भाग विचारावयाचा राहून जातो, आणि पुढील महिन्याच्या पहिल्या तारखेस घरखर्चाचा मेळ बसेनासा होतो.

मुंबईंतील जुन्या चाळींत हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें वरळी, नायगांव, शिवडी व डिलाईल रोड येथें २०७ चाळी बांधल्या. खोली सुमारें १६० चौरस फुटांची; शौचकूप मजल्यावर, सामाइक. अशा सामाइक व्यवस्थेंत राहणाऱ्यांची गैरसोय पुष्कळ होई; पण जिन्यावरच्या दिव्याचा हिशेब खोलीगणिक होण्याचें कारणच नव्हतें. स्वतंत्र ब्लॉकांचें राहणें आलें, खाजगीपणा लाभला, आणि त्याबरोबर प्रत्येक सोयीचें बिलही निराळें झालें.

म्हणून दोन घरांची तुलना करतांना नुसत्या भाड्याची नव्हे, तर एकूण मासिक खर्चाची करावी. समजा, एका घराचें भाडें १२,००० रुपये आहे. त्यावर सोसायटीची वर्गणी १,८००, पाण्याच्या टँकरचा वांटा ७०० आणि वीज १,५०० रुपये पडते. एकंदर बेरीज १६,००० होते. दुसऱ्या घराचा मालक सर्व खर्चांसह १५,५०० मागतो. प्रथमदर्शनीं महाग वाटणारें हें दुसरें घर वर्षाकांठीं ६,००० रुपयांनीं स्वस्त आहे. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या संसारास ही रक्कम क्षुल्लक नाहीं. शिवाय खर्चाचा आंकडा आधीं ठाऊक असणें, हाही एक मोठा दिलासा असतो.

तथापि 'सर्व कांहीं भाड्यांत' या शब्दांवर विसंबून राहूं नये. वीज अमर्याद आहे कीं ठराविक युनिटांपर्यंतच, हें विचारावें. मीटर स्वतंत्र आहे कीं सामाइक, हेंही पाहावें. महाराष्ट्रांत घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्यानें चढतो. पहिला टप्पा १०० युनिटांचा असतो. तीन बिऱ्हाडांनीं प्रत्येकीं ९० युनिटें जाळलीं, तर स्वतंत्र मीटरावर तिघेही पहिल्याच टप्प्यांत राहतात. एकाच मीटरावर मात्र बेरीज २७० होते, आणि १०० च्या वरील युनिटांस चढा दर लागतो. काटकसर करूनही बिल वाढतें, आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत विनाकारण वितुष्ट येतें.

जें ठरलें तें कागदावर यावें. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणें भाड्याचा अथवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. त्याच कायद्याचें कलम २९ मालकास योग्य कारणावांचून भाडेकरूचें पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सोयी तोडण्यास मनाई करतें. परंतु पाण्याचे पैसे कोणीं भरावयाचे, हें करारांतच नसेल, तर तंटा कायद्यापर्यंत जाण्याआधींच घरांतील स्वास्थ्य गेलेलें असतें.

मध्यमवर्गीय माणसास असे प्रश्न विचारण्याचा संकोच वाटतो. मालक सुसंस्कृत दिसतो, चहा पुढें येतो, आणि पाण्याचा विषय काढणें अप्रशस्त वाटूं लागतें. वस्तुतः स्पष्ट विचारल्यानें सज्जन मालक दुखावत नाहीं. त्याचेंही पुढील कटकटींतून रक्षण होतें. पाणी, वीज, सोसायटीची वर्गणी, सफाई आणि दुरुस्ती या पांच बाबी चिठ्ठीवर लिहून, प्रत्येकीसमोर कोण देणार हें मांडावयास पांच मिनिटें पुरतात. भीड ही भिकेची बहीण, असें जुनीं माणसें म्हणत आलीं, तें उगीच नव्हे. हीं पांच मिनिटें ज्यानें भिडेपोटीं वांचविलीं, त्याला पुढें दर महिन्यास त्यांची किंमत मोजावी लागते.