संगणक हळू झालाय? आधी हे करून पाहू



ग्रामसंघाच्या कार्यालयातला संगणक दोन-चार वर्षांत कासवासारखा चालायला लागतो. मग कुणी म्हणतं नवा घ्या, कुणी म्हणतं फॉरमॅट मारा. नव्याला गटांचे पैसे लागतात. आणि फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी. आधी प्रत काढली नसेल, तर कर्जाचे हप्ते, ठराव, जमाखर्च, सगळं गेलं. म्हणून आम्ही समन्वयक प्रत्येक गटाला सांगतो, आधी संगणकातच असलेली फुकटची साधनं वापरा. विंडोज १० किंवा ११ असेल तर ती तुमच्याकडे आहेतच.

पहिलं काम, नोंदींची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि ती उघडून बघा. त्याआधी काहीही पुसायचं नाही.

दुसरं, 'रीस्टार्ट' करा. रोज 'शट डाउन' करतो की, असं तुम्ही म्हणाल. पण या विंडोजमध्ये बहुधा 'फास्ट स्टार्टअप' चालू असतं. त्यामुळे शट डाउन केलं तरी जुना भार थोडा राहतोच. रीस्टार्टने तो उतरतो.

तिसरं, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. 'टास्क मॅनेजर' उघडेल. त्यात 'स्टार्टअप' म्हणून भाग आहे. संगणक सुरू होताना आपोआप उठणारे प्रोग्रॅम तिथे दिसतात. गाण्यांचा, व्हिडिओ कॉलचा प्रोग्रॅम सकाळी सकाळी उठायची गरज नाही. त्याला 'डिसेबल' करा. तो पुसला जात नाही, लागेल तेव्हा उघडता येतो. जे ओळखीचं नाही, त्याला हात लावू नका.

चौथं, जागा मोकळी करा. सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, मग 'टेम्पररी फाइल्स'. इथे मात्र जपून! यादीत 'डाउनलोड्स'ही असतं. बँकेची उतरवून घेतलेली स्टेटमेंट बहुधा तिथेच पडलेली असतात. त्यापुढे खूण असेल तर काढा. 'रीसायकल बिन'ही आधी उघडून बघा.

पाचवं, 'विंडोज सिक्युरिटी'मधून पूर्ण तपासणी लावा. वेळ लागतो, म्हणून बैठकीच्या दिवशी लावून ठेवा.

आता एक सावधगिरी. 'संगणक दसपट वेगवान करा' असं सांगणारे प्रोग्रॅम उतरवू नका. काही नंतर पैसे मागतात, काही सोबत व्हायरस आणतात. 'तुमचा संगणक धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा' असं पडद्यावर आलं, तर फोन करायचा नाही. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार करा.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर टास्क मॅनेजरमध्ये 'मेमरी' आणि 'डिस्क'चे आकडे बघा. काम थोडं असूनही मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर राहत असेल, तर रॅम वाढवून भागतं का ते विचारा. डिस्क सारखी शंभरावर असेल आणि हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची असेल, तर एसएसडी बसवता येते. दोन्ही कामं नव्या संगणकापेक्षा स्वस्तात होतात. दोन दुकानांतून दरपत्रक घ्या, मगच ठराव करा.

आणि हे काम एकटीवर सोपवू नका. दोघी-तिघींनी मिळून शिकावं आणि केलेल्या कामाची तारीख वहीत लिहावी. नोंदी आपल्या आहेत, तसा त्या ठेवणारा संगणकही आपलाच आहे.