एकच बाटली, वेगवेगळे भाव



पंढरीच्या या सोलापूर जिल्ह्यात वाइनवर बोलायचे तर माळकऱ्यांचा मान राखूनच बोलले पाहिजे. कुणी प्यावी, कुणी पिऊ नये, हे सांगायला मी उभा नाही. पण नान्नजचे द्राक्ष बागायतदार नानासाहेब काळे यांनी सोनाका, शरद सीडलेससारखे द्राक्षवाण ज्या मातीत घडवले, जिथे अकलूजजवळ फ्रटेली या वाइन कंपनीच्या मळ्यांत सांजोव्हेजेसारखे इटालियन वाण रुजले, तिथे द्राक्षाच्या पैशाचा हिशेब उघड मांडायलाच हवा.

गिऱ्हाईक विचारते, कंपनी एक, बाटली एक, मग या दुकानात एक भाव, त्या दुकानात दुसरा आणि हॉटेलात दुप्पट, असे का? ही लूटच आहे, असे धरून चालू नका.

पहिला फरक कराचा. मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर आहे. उत्पादन शुल्क आणि व्हॅट ज्याचे त्याचे राज्य ठरवते. महाराष्ट्राने २००१च्या धोरणात इथल्या द्राक्षांच्या वाइनला शुल्कात सूट दिली. तीच बाटली विजापूरला निघाली की वेगळी लेबल-नोंदणी, वेगळा कर आणि कर्नाटकच्या सरकारी महामंडळाची घाऊक साखळी. माल थोडा असला, की नोंदणीचा खर्च दर बाटलीला जास्त बसतो.

दुसरा फरक उलाढालीचा. छापील किंमत ही कमाल किंमत. एकदम पेट्या उचलणाऱ्या दुकानदाराला वितरक स्कीम देतो, त्यातले थोडे दुकानदार गिऱ्हाइकाला सोडतो. ज्याच्याकडे एक पेटी महिनोन्‌महिने पडून राहते, त्याला ते कसे परवडावे? हॉटेलाचे गणित आणखी निराळे. बाटलीबंद पाण्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले, की हॉटेल नुसता माल विकत नाही, सेवाही देते. म्हणून छापील किमतीचे बंधन तिथे लागत नाही.

तिसरा फरक मात्र आपल्या मुळावर येणारा आहे, तो साठवणुकीचा. वाइनला पंधरा अंशांच्या आसपासचा गारवा आणि अंधार लागतो. सोलापूरचा मे महिना चाळिशीच्या पुढे जातो. एसी चालवून वीजबिल भरणारा दुकानदार सवलत देऊ शकत नाही. काचेमागच्या उन्हात उन्हाळा काढलेली बाटली मात्र स्वस्तात निघते. तिची चव गेलेली असते आणि गिऱ्हाईक म्हणते, आपल्या द्राक्षातच दम नाही! युरोपला जाणारे द्राक्ष आपण प्री-कूलिंग केल्याशिवाय कंटेनरमध्ये भरत नाही. मग त्याच कष्टाची वाइन पत्र्याच्या गोदामात का शिजू द्यायची?

म्हणून बागायतदार आणि व्यापाऱ्यांच्या या परिषदेने दोन ठराव करावेत, असे मी सुचवतो. उन्हाळ्यात वितरकाने थंड गोदामाशिवाय माल ठेवू नये. आणि द्राक्षहंगामाचे वर्ष प्रत्येक लेबलवर ठळक छापावे, म्हणजे जुना साठा सवलतीच्या नावाखाली खपणार नाही.

भाव वेगळे राहतील, राहू द्या. गिऱ्हाइकाने कारण विचारले, की दुकानदाराला ते बेधडक सांगता आले पाहिजे, एवढीच माझी अपेक्षा आहे.