तारीख चुकली तर लपू नका

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा सारांश)



वॉरंट म्हटलं की बाईच्या पोटात गोळा येतो. दारूचं दुकान बंद करा म्हणून ती मोर्चात गेलेली असते आणि केसमध्ये तिचं नाव येतं. तारखेच्या दिवशी मूल तापानं फणफणलेलं असतं, नाहीतर मालकीण खाडा कापणार असते. बाई जात नाही. पुकारा होतो, गैरहजेरी लागते, वॉरंट निघतं. मग शेजारीण सांगते, "चार दिवस माहेरी जा, आपोआप थंड होईल."

ते थंड होत नाही. वॉरंट बजावलं जाईपर्यंत, किंवा ज्या कोर्टानं काढलं तेच ते रद्द करेपर्यंत, जिवंत राहतं. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, पण हा नियम तसाच राहिला. पूर्वी कलम ७० होतं, आता ७२ आहे.

मग करायचं काय? पोलीस येण्याची वाट न पाहता स्वतः कोर्टात हजर व्हायचं आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यायचा. गैरहजेरीचं खरं कारण लिहायचं, दवाखान्याचा कागद असेल तर जोडायचा. वॉरंट जामीनपात्र असेल तर त्यावर लिहिलेल्या रकमेचा जामीन पोलिसांनीच घेऊन सोडायचं असतं. अजामीनपात्र असेल तर कोर्टात जाण्यावाचून गत्यंतर नाही. सर्वसाधारणपणे आधी समन्स, मग जामीनपात्र आणि शेवटी अजामीनपात्र वॉरंट, असा क्रम सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये इंदर मोहन गोस्वामी खटल्यात सांगितला आहे. वकिलांना त्याची आठवण करून द्या. वकील नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्यानं कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो. आणि जाता येणार नाही हे आधी कळलं, तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज त्याच दिवशी गेला पाहिजे.

आता दुसरी बाजू पाहा. पोटगी थकवणाऱ्या नवऱ्याविरुद्धही वॉरंट निघतं. ते "इसम पत्त्यावर मिळून आला नाही" असा शेरा घेऊन परत येतं. इसम मात्र गावच्या जत्रेत सगळ्यांना दिसतो! म्हणून त्याच्या कामाचा पत्ता, पाळीची वेळ, घरी येण्याचा वार, हे सगळं लेखी द्या आणि पोच घ्या. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी कोर्ट त्याला एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतं. पण वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. उशीर झाला तर हक्काची पोटगी हातची जाते.

प्रत्येक केंद्रात तारखांची एक वही असू द्या. बाईचं नाव, कोर्ट, केस नंबर, पुढची तारीख आणि सोबत कोण जाणार, एवढंच लिहा. आदल्या संध्याकाळी तिच्या घरी निरोप द्या आणि मुलाला कोण सांभाळणार तेही तेव्हाच ठरवा. बायका कायदा मोडायचा म्हणून तारीख चुकवत नाहीत, सोबत कोणी नसतं म्हणून चुकवतात. ती सोबत आपल्याला देता येते.