‘टु’ आणि पुढची क्रिया

समजा, एखाद्या भाडेकरूनें घरमालकास इंग्रजींत लिहिलें, ‘आय रिमेंबर टु पे द रेंट.’ गेल्या महिन्याचें भाडें दिल्याचें आठवतें, असें त्यास सांगावयाचें होतें. मालकानें मात्र वाचलें तें असें कीं, भाडें द्यावयाचें हा गृहस्थ विसरत नाहीं. आणि तंटा होता तेथेंच राहिला. ‘पेइंग’ लिहिलें असतें तर काम भागलें असतें.

शाळेंत ‘टु’ ही धातूची केवळ खूण म्हणून शिकविली जाते. वस्तुतः तें मूळचें दिशा दाखविणारें शब्दयोगी अव्यय. सुमारें हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत त्याच्यापुढें धातुसाधित नाम चतुर्थींत येई. प्रत्यय झिजला, ‘टु’ राहिलें. ‘जावयास निघाला’ यांतील ‘स’ जें काम करतो, तेंच हें. पाऊल क्रियेच्या दिशेनें पडलें आहे; क्रिया अजून पुढेंच आहे. म्हणून होप, प्रॉमिस, डिसाइड यांच्यापुढें ‘टु’ येतें. एन्जॉय व फिनिश यांस तें खपत नाहीं. न केलेल्या गोष्टीची मौज कोणी लुटावी, आणि ती संपवावी तरी कशी?

‘द मिनिस्टर इज टु कम टुमॉरो’, म्हणजे मंत्री उद्यां यावयाचे आहेत. येतीलच असें नव्हे. तसें ठरलें आहे, इतकेंच. ‘वॉज टु हॅव कम’ म्हटलें कीं ते आले नाहींत, हें न सांगतां कळतें. ‘ही वॉज नेव्हर टु रिटर्न’ या वाक्यांत तर बोलणारा निघण्याच्या क्षणीं उभा राहून पुढचें सारें पाहतो. चरित्रकारांस ही रचना फार प्रिय. कधीं कधीं नको इतकी.

या रूपास काळाचा प्रत्यय नाहीं, पुरुषाचाही नाहीं. त्यामुळें ‘टु लिव्ह अलोन इज हार्ड’ हें कोणासही, केव्हांही लागू पडतें. ‘लिव्हिंग अलोन’ म्हटल्यास अर्थ जवळजवळ तोच. पण एकटेपण भोगलेल्याचा आवाज त्यांत किंचित् अधिक ऐकूं येतो. नियम सर्वत्र चालतो असें मात्र नव्हे. ‘सॉरी टु हिअर’ मध्यें बातमी ऐकून झालेली असते.

निदान रिमेंबर आणि फर्गेट यांपाशीं अडलेल्या श्रोत्यांनीं वाक्य आधीं मराठींत मोठ्यानें म्हणून पाहावें. ‘पत्र टाकावयाचें विसरलों’ असें तोंडीं आलें तर ‘टु पोस्ट’. ‘टाकल्याचें विसरलों’ असें आलें तर ‘पोस्टिंग’.