कायद्याचा विद्यार्थी आणि वऱ्हाडचे खेडे

(अमरावती व अकोला जिल्ह्यांतील कायद्याचे विद्यार्थी, अध्यापक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाची संहिता)



मला ज्या विषयावर बोलण्यास सांगण्यात आले आहे, तो वरवर पाहता केवळ विद्यार्थ्यांचा वाटेल. कायद्याच्या विद्यार्थ्याने अभिरूप न्यायालयात भाग घ्यावा काय, परिषदांना जावे काय, वृत्तपत्रांतून लिहावे काय, वकीलवर्गात व अधिकारीवर्गात परिचय वाढवावा काय, असे हे प्रश्न आहेत. या सर्वांचे माझे उत्तर 'होय' असेच आहे. परंतु हे सारे कोणासाठी करावयाचे, हा प्रश्न त्यानंतरही उरतो. त्याचे उत्तर देताना अमरावती-अकोल्याची खेडी दृष्टीआड करून चालणार नाही.

वऱ्हाडची परंपरा

या भूमीत वकील हा केवळ न्यायालयापुरता वकील कधीच नव्हता. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे नामांकित वकील. 1897 साली अमरावतीस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागताध्यक्षपद त्यांच्याकडे होते. 1908 साली लोकमान्यांना शिक्षा झाल्यावर त्यांच्या सुटकेच्या खटपटीसाठी ते विलायतेस गेले. रंगनाथ नरसिंह मुधोळकर हेही अमरावतीचेच वकील; 1912 साली बांकीपूरच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. डॉ. पंजाबराव देशमुख पापळसारख्या खेड्यात जन्मले, विलायतेत बॅरिस्टर झाले आणि अमरावतीस परतले. 1927 साली अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून झालेल्या सत्याग्रहाचे नेतृत्व त्यांनी केले. पुढे ते घटना समितीचे सदस्य आणि देशाचे कृषिमंत्री झाले. अमरावतीचे विधी महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने चालते.

या थोर मंडळींचा परिचय दांडगा होता, सभांत त्यांना मान होता, वृत्तपत्रांत त्यांची नावे येत. परंतु नाव आधी आणि काम नंतर, असा क्रम त्यांच्या आयुष्यात दिसत नाही. ज्यांचे नाव आपल्या विद्यापीठास दिलेले आहे, ते संत गाडगेबाबा गावात येत, ते हातात खराटा घेऊन. दिवसा गाव झाडून होई आणि मग रात्री कीर्तन उभे राही. आपल्या शिबिरांचा व परिषदांचा क्रमही हाच असावा, असे मला वाटते.

कायद्याने दिलेली वाट

पूर्वी विद्यार्थ्याची लोकसेवा ही केवळ त्याच्या हौसेची बाब होती. आज तिला कायद्याचे अधिष्ठान आहे. 1976 साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद 39-क आला आणि दारिद्र्यामुळे कोणी न्यायापासून वंचित राहू नये, हे राज्याचे कर्तव्य ठरले. त्यास अनुसरून विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 साली संमत होऊन 9 नोव्हेंबर 1995 पासून अंमलात आला. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, अपंग, कोठडीतील व्यक्ती, आपद्ग्रस्त, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले नागरिक यांना विनामूल्य विधी सेवेचा हक्क मिळाला. जिल्हा न्यायाधीश हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि तालुक्यास तालुका समिती असते. पंचायत सदस्यांनी येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. या हक्कासाठी स्त्रीचे उत्पन्न विचारले जात नाही. ती स्त्री आहे एवढे पुरेसे आहे.

या व्यवस्थेत विद्यार्थ्याचे स्थान निश्चित आहे. सनद घेईपर्यंत त्यास विधी स्वयंसेवक म्हणून काम करता येते. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या 2008 च्या नियमांनुसार त्रैवार्षिक अभ्यासक्रमात किमान 12 व पंचवार्षिक अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे प्रत्यक्ष कामाची उमेदवारी आवश्यक आहे. हे आठवडे मुंबई-दिल्लीच्या मोठ्या कचेरीतच काढावेत, असे कोठेही लिहिलेले नाही. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू वस्तीत वनहक्काचा दावा ग्रामसभेपुढे कसा मांडला जातो, हे पाहण्यात घालवलेला काळ अधिक शिकवून जाईल.

विद्यार्थी काय करू शकतो?

विद्यार्थ्याच्या हातून काय होणार, अशी शंका कोणी घेईल. जोधपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील स्वप्नील त्रिपाठी हा विद्यार्थी उमेदवारीसाठी दिल्लीस गेला होता. नव्या प्रकरणांच्या सुनावणीच्या दिवशी उमेदवारांना सर्वोच्च न्यायालयाच्या दालनात प्रवेश नसे. आपणास आत सोडावे, एवढेच मागून तो थांबला नाही. न्यायालयाचे कामकाज सर्वच नागरिकांना पाहता यावे, अशी याचिका त्याने केली. त्याच्या आणि ज्येष्ठ विधिज्ञ इंदिरा जयसिंग आदींच्या याचिकांवर 26 सप्टेंबर 2018 रोजी निर्णय होऊन थेट प्रक्षेपणाचे तत्त्व मान्य झाले आणि 27 सप्टेंबर 2022 पासून घटनापीठांचे कामकाज सर्वांना घरबसल्या दिसू लागले. एका विद्यार्थ्याची अडचण अशा रीतीने सर्वांची सोय झाली. आपल्या अनुभवातून दुसऱ्याची अडचण ओळखणे, हेच कायद्याच्या शिक्षणाचे सार होय.

एक अनुभव

आता उलट बाजूही सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका तालुक्यातील विधी साक्षरता शिबिरात मी वक्ता होतो. मंडप भरलेला होता, सत्कार झाले, छायाचित्रे निघाली. शेवटी एक शेतकरी विधवा पुढे आली. पतीस जाऊन दोन वर्षे झाली होती, सात-बारा अद्याप त्याच्याच नावावर होता, त्यामुळे पीककर्ज मिळत नव्हते. हातातील कागद पुढे करून तिने विचारले, "भाऊ, हा कागद कोठी द्याचा?" मी तिला जमीन महसूल संहितेचे कलम सांगितले, वारसाने तीन महिन्यांत वर्दी द्यावयाची असते हेही सांगितले आणि गाडीत बसलो. दुसऱ्या दिवशी शिबिराचे वृत्त छापून आले. तिचा कागद मात्र तिच्याच हाती राहिला.

त्या शिबिरास आलेली तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी पुढच्या आठवड्यात एस.टी.ने त्या गावी परत गेली. मृत्यू दाखल्यावरील नाव आणि सात-बारावरील नाव यांत तफावत होती. ती दुरुस्त करून घेणे, वारसांचा अर्ज लिहिणे, अर्जाची पोच घेणे, यासाठी तिला तीन खेपा पडल्या. पेरणीपूर्वी फेरफार मंजूर झाला. याचे छायाचित्र कोठेही आले नाही. मला मात्र त्या दिवशीच्या माझ्या भाषणाची आजही लाज वाटते, आणि म्हणूनच हे आपणांपुढे सांगत आहे.

वृत्तपत्रे आणि परिचय

वृत्तपत्रात लिहिण्याविषयी दोन शब्द. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता व साक्ष्य अधिनियम हे नवे कायदे लागू झाले. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, ही गोष्ट खेड्यातील किती जणांस ठाऊक आहे? अशा गोष्टी सोप्या मराठीत लिहिण्यास विद्यार्थ्याइतका योग्य लेखक नाही. मात्र अत्याचारपीडितेची वा बालकाची ओळख उघड होईल असे काही लिहू नये आणि चालू खटल्यात निकाल आपणच देऊ नये. वकिलाने स्वतःची जाहिरात करू नये, असा या व्यवसायाचा नियम आहे. त्याची सवय विद्यार्थिदशेतच लागलेली बरी.

राहिला प्रश्न परिचयाचा. कचेरीच्या पायरीवर आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "आत कोणाची ओळख आहे काय?" ज्याची ओळख आहे त्याचे काम होते, ही समजूत खेड्यांत खोल रुजली आहे. तुम्ही न्यायाधीश, वकील, तहसीलदार, ग्रामपंचायत अधिकारी, पत्रकार या सर्वांशी जरूर परिचय करा. परंतु त्याचा उपयोग रांग मोडण्यासाठी न करता, रांगेतील शेवटच्या माणसास योग्य खिडकी दाखवण्यासाठी करा. माहितीचा अधिकार 2005 पासून आहे. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम 2015 पासून आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही, तर अपील करता येते. ओळख नसलेल्या माणसाचेही काम व्हावे, यासाठीच हे कायदे झाले आहेत.

तीन विनंत्या

शेवटी तीन विनंत्या करतो. महाविद्यालयांनी प्रत्येक शिबिराची नोंदवही ठेवावी. तीत उपस्थितांच्या संख्येऐवजी आलेला अर्ज, त्याची पोच, पुढील तारीख आणि अखेरचा निकाल लिहावा, आणि विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेल्यास ती नोंद पुढच्या वर्गाकडे सोपवावी. पंचायतींनी महिन्यातील एक ठरलेला दिवस व एक खोली या कामास द्यावी. शाळेतील शिक्षकांनी त्याची माहिती मुलांकरवी घरोघर पोचवावी. अधिकारीवर्गाने विद्यार्थ्याने आणलेल्या अर्जाची पोच द्यावी आणि अर्ज नाकारावयाचा असल्यास कारण लेखी द्यावे.

असे झाले तर परिषदा, अभिरूप न्यायालये, वर्तमानपत्रांतील लेख आणि मोठ्या माणसांचा परिचय, या सर्वांचे सार्थक होईल. मंडपात उभ्या असलेल्या त्या भगिनीचा प्रश्न आजही वऱ्हाडच्या गावोगावी विचारला जात आहे. तो कागद तिच्या हातून घेऊन योग्य टेबलापर्यंत नेणारा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयांतून निघावा, एवढीच अपेक्षा आहे.